नाखवा आणि नाखुदा



मागच्या अंकात आमच्या सदराची जागा वर्गणीदारांच्या यादीने खाल्ली. तक्रार नाही, यादी वाढते आहे ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यामुळे एक विषय दोन महिने पोटात राहिला आणि आता तो मुरून आला आहे. संपादकांनी "दीड पानात आवरा" असे बजावले आहे. बघू.

विषय आमच्या धाकटीचा. ती पर्यटनाचा अभ्यासक्रम करते हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण त्यावरून आम्हांला हळदीकुंकवापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत सगळीकडे सहानुभूती मिळाली आहे. "इंजिनियरिंगला नाही मिळाली का?" असे हळूच विचारणारे निदान प्रेमाने विचारतात. गावाहून आमच्या आत्याबाईंनी फोनवर स्पष्टच विचारले, "एवढ्या लांब नेऊन पोरीला हॉटेलात वाढायला लावणार का रे?" आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. खरे सांगायचे तर आम्हांलाही पहिले सहा महिने कळत नव्हते की ही नेमके शिकते काय. वहीत डोकावले तर कधी कॉफीच्या किटलीचे चित्र, कधी होडीचे. इंग्रजीचा तास म्हणावा तर व्याकरण नाही. पर्यटनाचा म्हणावा तर विमानांची वेळापत्रके नाहीत.

मग एकदा तिनेच समजावून सांगितले. त्यांच्याकडे विषय आणि परकी भाषा एकाच तासाला शिकवतात. युरोपात या पद्धतीला १९९४ च्या सुमारास नाव मिळाले, आद्याक्षरांवरून तिला 'क्लिल' म्हणतात. भाषा वेगळी घोकायची नाही, विषय शिकता शिकता ती यावी, असा हिशेब. आम्ही लगेच म्हणालो, "अगं, मग तुम्ही बारावीपर्यंत इतिहास-भूगोल इंग्रजीतूनच शिकलात की! त्यात नवीन ते काय?"

ती म्हणाली, "बाबा, तिथे इंग्रजी नुसती मधली नळी होती. एका टोकाने धडा घातला, दुसऱ्या टोकाने पेपरात उतरला. इथे तो धडा समोरच्या माणसाला सांगायचा असतो. आणि समोरचा माणूस कुठला आहे, त्यावर सगळं बदलतं."

या पद्धतीच्या जाणकारांपैकी डो कॉयल या बाईंनी तिचे चार पाय सांगितले आहेत : विषय, संवाद, विचार आणि संस्कृती. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमात पहिला पाय भक्कम, दुसरा लंगडा आणि उरलेले दोन पाहुण्यासारखे, आले तर आले. मायकेल बायरम नावाच्या इंग्लंडमधल्या प्राध्यापकांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात आणखी एक गोष्ट मांडली. परकी भाषा शिकणाऱ्याने अस्सल इंग्रजासारखे बोलावे हे ध्येयच नव्हे. दोन्हीकडचे ओळखणारा, मधे उभा राहून एकाचे दुसऱ्याला उमगवणारा माणूस तयार व्हावा. हे वाचून आम्हांला बरे वाटले. सत्तावीस वर्षे बहारीनमध्ये राहून आमचे इंग्रजी अजून बीड जिल्ह्यातलेच आहे.

आता कॉफीची किटली. हा त्यांचा एक अख्खा धडा होता. अरबी कॉफीची दल्ला डाव्या हातात धरायची आणि फिंजान, म्हणजे तो बिनकानाचा इवलासा पेला, उजव्या हाताने द्यायचा. पेला थोडाच भरायचा. काठोकाठ भरला तर 'घ्या आणि निघा' असा अर्थ होतो. पाहुण्याला आणखी नको असेल तर तो पेला जरासा हलवून परत देतो, नाही हलवला तर वाढणारा ओततच राहतो. हे सगळे इंग्रजीतून सांगायचे होते, कधी एका जर्मन प्रवाशाला, कधी एका भारतीय कुटुंबाला. धाकटी भारतीय कुटुंबाची बाजू घेऊन बसली आणि अर्धा पेला हातात आल्यावर तिच्या तोंडून निघून गेले, "आमच्या घरी एवढंच दिलं तर आजी म्हणेल, हात आखडला!" वर्ग हसला, पण बाईंनी तेच वाक्य फळ्यावर लिहिले. धडा तिथून पुढे सुरू झाला. कोणाच्या घरी भरलेला पेला म्हणजे आदर, कोणाच्या घरी रिकामा होणारा पेला म्हणजे आदर, आणि हॉटेलातल्या माणसाने हे पाहुण्याला अपमान न वाटू देता कसे सांगायचे.

मंडळी, आम्ही इथल्या कार्यालयांत हजार वेळा ती कॉफी प्यालो असू. पेला हलवायचा असतो हे आम्हांला एका मुनीमसाहेबांनी पाचव्या फिंजानानंतर सांगितले होते. तोवर आम्ही भिडेपोटी पीत होतो आणि ते बिचारे भिडेपोटी ओतत होते.

पाठ्यपुस्तकांची मात्र गंमत आहे. जुन्या पुस्तकात हॉटेलात येणारा पाहुणा नेहमी कोणीतरी मिस्टर ब्राऊन असतो आणि त्याला समुद्राकडची खोली हवी असते. बहारीनच्या हॉटेलात गुरुवारी रात्री येतो कोण? १९८६ साली किंग फहद कॉजवे खुला झाला तेव्हापासून पंचवीस किलोमीटरचा तो रस्ता ओलांडून सौदी कुटुंबे येतात, मोठ्या गाडीत आजी, सुना, नातवंडे आणि मागे सामान. त्यांना समुद्राचे कौतुक नाही, एकमेकींना जोडलेल्या खोल्या हव्यात, आणि आजींशी पहिल्यांदा बोलायचे की चिरंजीवांशी, हे काउंटरवरच्या मुलीला कळायला हवे. आपल्याकडे हॉटेलच्या शिक्षणाची सुरुवात १९५४ साली मुंबईत झाली, तिथेही परकी भाषा म्हणजे फ्रेंच, आणि तीही मुख्यतः स्वयंपाकघरातल्या हुद्द्यांची, सॉसांची आणि मेनूची. धंद्याला ती लागतेच. पण तिने पदार्थ कळतो, माणूस कळेलच असे नाही. याउलट अजिंठ्याला जपानी बोलणारे मार्गदर्शक आहेत. तिथे येणाऱ्या जपानी मंडळींत काही जण लेणे बघायला येतात आणि काही बुद्धापुढे हात जोडायला. तिथे नुसते अचूक जपानी पुरत नाही, केव्हा गप्प राहायचे हेही यावे लागते.

असो. धाकटीच्या वहीतली होडी राहिली.

तो मोत्यांचा धडा. मुहर्रकमधला मोत्यांचा मार्ग आपल्यापैकी किती जणांनी चालून पाहिला आहे? २०१२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. सतरा जुन्या वास्तू, समुद्रातले शिंपल्यांचे तीन पट्टे आणि बू माहिर किल्ल्याजवळचा तो किनारा, जिथून होड्या निघत. आम्ही मुहर्रकला वर्षानुवर्षे फक्त विमानतळासाठी गेलो. आणायला आणि पोचवायला.

वर्गात आधी शब्द आले. पाणबुड्याचा नाकाचा चिमटा, पायाला बांधायचा दगड, गळ्यातली जाळीची टोपली, वर बसून दोर सांभाळणारा साथीदार, होडीवर गाणारा नह्हाम. (ही गाणी 'फिजिरी' म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.) आणि होडीचा मालक-कप्तान, नाखुदा. हा शब्द ऐकल्यावर धाकटीने घरी येऊन विचारले, "बाबा, कोळीगीतांत तो नाखवा असतो ना, तो हाच का?" हाच की! फारसीतला होडीचा धनी अरबांकडे नाखुदा म्हणूनच राहिला आणि आपल्या किनाऱ्यावर नाखवा झाला.

मग घरात शब्दांचा खेळच सुरू झाला. सौ. पोळ्या लाटता लाटता शब्द फेकायच्या आणि धाकटी दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना विचारून यायची. किल्ला म्हणजे कलअ, दुकान ते दुकान, हमाल तो हमाल, तारीख तीच. इथल्या बोलीतही आपल्याकडून गेलेले शब्द निघाले, पंख्याला बंका, सरळ जायला सीदा. पण फसवे शब्द जास्त मजेचे. आपला साहेब म्हणजे वरिष्ठ, त्यांचा साहिब म्हणजे सोबती. आपला गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो, अरबीतला गरीब म्हणजे परका, अनोळखी. तिच्या बाईंनी या एका शब्दावर अर्धा तास घेतला. परगावी आलेला माणूस आणि पैसा नसलेला माणूस एकाच शब्दात कसे बसले असतील, हे ज्याने त्याने आपल्या इंग्रजीत मांडायचे होते. केरळचा एक मुलगा म्हणाला म्हणे, "माझे वडील इथे आले तेव्हा ते दोन्ही अर्थांनी होते."

आता मुख्य गोष्ट. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने मुहर्रकमध्ये वीस मिनिटे इंग्रजीतून माहिती सांगत गट फिरवायचा होता. धाकटीने पाठांतर जय्यत केले. उन्हाळ्याचे चार महिने समुद्रावर राहणारे शूर पाणबुडे, व्यापाऱ्यांच्या सुंदर मजलिसी, चुन्याची नक्षी, मग १९३० च्या सुमारास जगभरची मंदी आणि जपानचे पैदाशी मोती, १९३२ साली जबल दुखानला लागलेले तेल, आणि समाप्त. सराव म्हणून सुट्टीच्या दिवशी तिने आम्हांला आणि दोन मैत्रिणींना फिरवले. एका जुन्या घरासमोर ती बोलत होती तेव्हा शेजारच्या बाकावर एक वृद्ध बहारीनी गृहस्थ ऐकत बसले होते. संपल्यावर त्यांनी तिला खुणेने बोलावले आणि इथल्या जुन्या लोकांच्या त्या मिश्र हिंदीत म्हणाले, "बेटी, तू कहानी ठीक बोला. हिसाब नहीं बोला."

आणि त्यांनी हिशेब सांगितला. पाणबुड्याला पगार नसे. हंगामाआधी नाखुदा त्याला पैसे देई, घरच्यांना दाणागोटा भरायला. हंगाम संपला की हिवाळ्यासाठी पुन्हा थोडे. मोती विकून जो वाटा येई त्यातून हे वळते होत असे, आणि बहुधा ते पूर्ण फिटत नसे. कर्ज असेतो दुसऱ्या होडीवर जाता येत नसे. त्यांचे आजोबा वारले तेव्हा शिल्लक कर्ज त्यांच्या वडिलांच्या माथी आले, वडील तेव्हा पोरगेलेसे होते. १९२० च्या दशकात कायदा झाला, प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाचे स्वतःचे पुस्तक मिळाले आणि बापाचे देणे मुलावर टाकणे बंद झाले. "मेरा बाप पढ़ना नहीं जानता था," म्हातारबाबा म्हणाले. "लेकिन किताब संभाल के रखा." मग त्यांनी हसून विचारले, "तुम लोग बंबई का?" नाखुदाला पैसा व्यापारी देई. व्यापाऱ्याला मोठा व्यापारी देई, त्यांत मनाम्यातले हिंदी सावकारही असत. आणि मोती शेवटी जात मुंबईला. तिथे त्यांची प्रतवारी होई, भोके पाडून ते ओवले जात, मग पॅरिस आणि लंडन. इथे नाणेही आपलेच होते. १९६५ साली दिनार आला तोवर बहारीनमध्ये रुपया चालत असे.

परतताना धाकटी गाडीत काहीच बोलली नाही. आम्हांला वाटले, चूक दाखवल्याने खट्टू झाली. घरी आल्यावर मात्र तिने वही उघडली आणि विचारले, "बाबा, ती जी आगाऊ रक्कम, तिला मराठीत एक शब्द आहे का? इंग्रजीत ॲडव्हान्स म्हटलं की काहीच वाटत नाही. ऑफिसात पण ॲडव्हान्स मिळतो."

आम्ही म्हणालो, "उचल."

आणि मग पुढे सांगणे भाग पडले. मंडळी, आम्ही या कॉलमात गावच्या जत्रा, गावची भाकरी, गावचा पाऊस सगळे लिहिले आहे. हे लिहिलेले नाही. आमचे वडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम येई, उचल देई, आणि वडील-आई दोघे मिळून एक कोयता म्हणून मोजले जात. उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत मुक्काम. पट्टा पडला की हिशेब होई, आणि बऱ्याच वर्षी काहीतरी उरे, आमच्याकडे नव्हे, मुकादमाच्या वहीत. ती फेडायला पुढच्या साली पुन्हा त्याच टोळीत जायचे. आम्ही चुलत्यांकडे राहून शाळा शिकलो, बी.कॉम. झालो आणि १९९८ साली इथे आलो. एजंटाला दिलेले पैसे फेडण्यात पहिली दीड वर्षे गेली. ती पण उचलच की. इथे आल्यावर कोणी विचारले की आम्ही सांगायचो, "वडील शेती करायचे." ते खोटे नव्हते. दोन एकर कोरडवाहू होते.

धाकटीने हे सगळे ऐकून घेतले. आम्हांला वाटले होते, ती विचारेल की आजवर का नाही सांगितले. तिने विचारले, "मुकादम हा शब्द कुठून आला?" दुसऱ्या दिवशी उत्तरही घेऊन आली. अरबीत मुकद्दम म्हणजे पुढे केलेला. टोळीच्या पुढे असणारा म्होरक्याही मुकद्दम, आणि पुढे म्हणजे आधी दिलेली रक्कमही मुकद्दम. आमच्या वडिलांना फार तर सही करता येत होती. त्यांच्या आयुष्यातले हे दोन धनी एकाच शब्दात राहत होते, हे आम्हांला मुहर्रकमुळे कळले, तेही मुलीच्या इंग्रजीच्या तासामुळे.

परीक्षेच्या आधी बाईंनी तिला एक काम वाढवून दिले. हीच माहिती तीन गटांना सांगायची : सौदी कुटुंब, जपानी दांपत्य आणि मुंबईहून आलेली मंडळी. माहिती तीच ठेवायची, सुरुवात कुठून करायची ते ठरवायचे. जपानी दांपत्याची तिला आधी भीती वाटली. तुमच्या मोत्यांनी यांची होडी बुडवली, हे सांगायचे कसे? तिने सुरुवात शिंपल्यापासून केली, मोती शिंपल्यात तयार कसा होतो आणि माणसाने तो तयार करायला कसे शिकले, इथून. मग बहारीनचा भाग आपोआप आला आणि त्यात दोषारोप उरला नाही. सौदी कुटुंबासाठी तिने दोन वाक्ये अरबीत पाठ केली आणि ती आजींना उद्देशून म्हटली. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या घरांत अशाच होड्यांच्या आठवणी असतील, म्हणून सांगण्याऐवजी तिने विचारले.

मुंबईचा गट सर्वांत अवघड गेला. आपल्या लोकांना हिरेमोत्यांच्या गोष्टी आवडतात, "हे सगळे आपल्या मुंबईत यायचे" म्हटले की छाती फुगते. ती फुगू द्यायची आणि मग तोच पैसा मागे मागे नेत पाणबुड्याच्या घरापर्यंत न्यायचा, तेही माणसे रागावणार नाहीत अशा बेताने. तिने काय केले? नाखव्यापासून सुरुवात केली. सगळे हसले, ओळखीचे वाटले. मग ती म्हणाली, आमच्या भाषेत एक शब्द आहे, उचल. इंग्रजी भाषणात तिने तो तसाच ठेवला. बाईंनी विचारले, भाषांतर का नाही केले? ती म्हणाली, "केलं असतं तर त्यातली माणसं गळली असती."

परीक्षेत किती गुण पडले ते आम्ही लिहिणार नाही, दृष्ट लागते. आत्याबाईंना फोनवर आम्ही आता सांगतो की पोरगी वाढायला नाही, सांगायला शिकते. त्यांना ते फारसे पटलेले नाही. पण मागच्या आठवड्यात त्यांनी धाकटीला स्वतःहून फोनवर बोलावले आणि कोपीत चूल कशी मांडायचे ते अर्धा तास सांगितले. धाकटीने लिहून घेतले, कशासाठी ते विचारले नाही.

संपादकांचे दीड पान केव्हाच संपले, तेव्हा आता निरोप. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला धाकटी आणि तिच्या दोन बहारीनी मैत्रिणी आपल्या मंडळाच्या कुटुंबांना मुहर्रकमध्ये फिरवणार आहेत. एका मैत्रिणीच्या आजीने नंतर कॉफीला बोलावले आहे, त्यामुळे वीसपेक्षा जास्त नावे घेता येणार नाहीत. सत्तावीस वर्षांत आम्ही प्रथमच एका बहारीनी घरात बसणार आहोत. गल्ल्यांत चालायचे आहे, जोडे साधे घाला. आठ वर्षांवरील मुलांना जरूर आणा. आजी-आजोबा इथे आलेले असतील तर त्यांनाही आणा, त्यांना हिंदी येत असेल तर फारच उत्तम, कारण ते बाकावरचे गृहस्थ शुक्रवारी असरच्या नमाजानंतर तिथेच बसतात. नावे येत्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाजवळ सौ.कडे द्यावीत.

आणि पेला हलवायला विसरू नका.